चिंचेनं घासलेल्या पाच पुंगळ्या

१

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीच्या एसटी स्टँडवर त्या शुक्रवारी पोलीस शोधत होते हातभट्टीची दारू, आणि सापडली काडतुसं.

गाडी उस्मानाबादहून आली होती. मागून दुसऱ्या बाकाखाली खाकी चिंधीत गुंडाळलेली पाच काडतुसं निघाली. पाचही जिवंत. वाशीच्या ठाण्यात सगळ्या जुन्या बंदुका. असला माल तिथल्या हवालदारानं कधी हातात धरला नव्हता. तरी त्यानं ओळखलं, की ही नव्या एस.एल.आर. रायफलीची आहेत. चाप ओढला की गोळी सुटणार, रिकामी पितळी पुंगळी आपसूक उजवीकडं उडणार आणि पुढचं काडतूस आपसूक आत बसणार, अशी ती रायफल. जिल्ह्यात असल्या रायफली एकाच जागी होत्या, उस्मानाबादच्या पोलीस मुख्यालयात. काडतुसांच्या बुडावरचा शिक्काही तिथल्याच पेट्यांचा निघाला.

त्या बाकावर मुख्यालयाचाच शिपाई नानासाहेब बसला होता, रजेवर गावी निघालेला. त्याला तिथंच धरला आणि त्याच गाडीनं परत आणला.

संध्याकाळी आर.आय. साहेबांनी, म्हणजे मुख्यालयाच्या राखीव निरीक्षकांनी, महांतप्पाला बोलावलं. महांतप्पा कोत हवालदार. कोत म्हणजे हत्यारांची खोली. तिची किल्ली गेली अकरा वर्षं त्याच्या करगोट्याला होती. पेन्शनीला दोन वर्षं राहिलेली. कपाळावर भस्म, बोलणं कमी, आणि मोजण्यात चूक नाही अशी ख्याती.

"काल चांदमारी झाली. किती गोळ्या उडाल्या?"

"वीस माणसं, साहेब. दहा-दहा काडतुसं ज्याच्या त्याच्या हातात दिली. दोनशे उडाली."

"रिकाम्या पुंगळ्या किती जमा?"

"दोनशे. मी दोनदा मोजल्या."

साहेबांनी ती पाच काडतुसं टेबलावर ओळीनं उभी केली. "म्हणजे ही पाच काल उडून गेली, यांच्या पुंगळ्याही जमा झाल्या, आणि तरी ही आज वाशीच्या स्टँडवर जिवंत हिंडत होती. सरणावर ठेवलेला माणूस बाजारात दिसावा तसं झालं की हे, महांतप्पा!"

महांतप्पानं एक काडतूस उचलून बुडावरचा शिक्का पाहिला.

"सोमवारी नानासाहेबाला कोर्टापुढं उभा करतोय. नोकरी तर गेलीच त्याची, वर तुरुंग. तोवर ही कोतातून बाहेर कशी पडली, ते तुम्ही मला सांगायचं. किल्ली तुमच्याकडं आहे."

महांतप्पानं सलाम ठोकला आणि तो बाहेर आला. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली एक म्हातारी बाई बसून होती. नानासाहेबाची आई, चांगुणा. महांतप्पानं तिला पाहिलं, आणि दुसऱ्या वाटेनं गेला.

२

त्या गाडीत मुख्यालयाची तीन माणसं होती. बाकावर नानासाहेब, त्याच्या मागच्या बाकावर शिपाई शांतलिंग, आणि पुढं दारापाशी मेसचा आचारी गुंडाप्पा.

महांतप्पा कोठडीपाशी गेला, तेव्हा नानासाहेब भिंतीला टेकून उभा होता. "हवालदार, म्या धा घेतली, धा उडवली. माझ्या आईची शप्पत. बाकाखाली काय हाय, ते म्या वाकून बगितलं बी न्हाय."

"मग तुझ्याच बाकाखाली कशी आली?"

"त्येच तर मला कळंना. आमच्या घरात मीच पयला नोकरीला लागलो. माझ्या हातनं असलं व्हईल का?"

शांतलिंगला महांतप्पानं पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. शांतलिंग मुख्यालयातला पहिला नेमबाज, आणि महांतप्पाच्या बायकोच्या माहेरचा. त्याला नोकरीला लावला तो महांतप्पानंच. तो त्याला मामा म्हणायचा.

"मामा, म्या तर मागं झोपलो व्हतो. झडतीचा गलका झाला तवा जागा झालो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आता माझ्या तोंडून कशाला वदवून घेता? अख्खी पोलीस लाईन बोलतीया. आईनं भांडं उचललं, लेकानं काडतुसं. खाण तशी माती."

महांतप्पानं मान हलवली नाही, की त्याला गप्प बस असंही म्हटलं नाही. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण चांगुणानं भांडं उचललं नव्हतं, हे साऱ्या मुख्यालयात एकट्या महांतप्पाला ठाऊक होतं.

झालं होतं असं. मार्चमध्ये नव्या रायफलींची पहिली चांदमारी झाली. तिसऱ्या दुष्काळाचं वर्ष. माळावर गवताची काडी नाही, नुसते खडक. रायफली पुंगळ्या अशा भिरकावत, की काही खडकावर आपटून चेपत, काही बुटाखाली येत, आणि काही नाल्यात गडप होत. उन्हात चार तास माणसं रांगत होती. तरी पाच पुंगळ्या सापडल्या नाहीत. एक पुंगळी कमी म्हणजे एक गोळी कुणाच्या खिशात गेली, असा सरकारी हिशेब. चौकशी लागली असती, आणि मोजण्यात न चुकणारा महांतप्पा चुकला, असं कागदावर आलं असतं.

चेपलेल्या पुंगळ्या दारूगोळ्याचा डेपो वजनानं घेत असे. महांतप्पानं घरातलं बायकोचं पितळी फुलपात्र उचललं, कोतात नेऊन हातोड्यानं ठोकून चपटं केलं आणि चेपलेल्या पुंगळ्यांच्या पोत्यात टाकलं. वजन बरोबर भरलं. त्यानं 'पुंगळ्या पूर्ण' असं लिहून खाली सही केली.

घरी शिवकांतानं फुलपात्र शोध शोध शोधलं. माहेरचं होतं ते. त्या दिवशी अंगणात येऊन गेली होती ती एकटी चांगुणा, गोवऱ्यांची पाटी घेऊन. "तिच्याशिवाय कोण नेणार?" शिवकांता म्हणाली. महांतप्पा तेव्हा जेवत होता. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून लाईनीतली सगळी दारं चांगुणाला बंद झाली. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली.

३

शनिवारी सकाळी महांतप्पानं कोताचं दार आतून लावलं आणि गुरुवारच्या दोनशे पुंगळ्या सतरंजीवर ओतल्या.

मार्चनंतर डेपोचं पत्र आलं होतं: पुंगळ्या फार चेपून येतात, यापुढं धड पाठवाव्यात. महांतप्पानं ते मनाला लावून घेतलं. केलेल्या पापाची भरपाई अशा कामानं होते, असं माणसाला उगीच वाटतं. त्यानं प्रत्येक रायफलीची गॅसची कळ तपासली. बार उडाल्यावरचा गॅस मागं जास्त सोडला की रायफल पुंगळीला लाथच घालते. पुंगळी निघता निघता वरच्या पोलादी कडेवर आदळते आणि तिच्या पोटाला खळगा पडतो. त्यानं एकेक रायफल उडवून बघत, ती अडणार नाही इतपतच गॅस ठेवला. शिवाय प्रत्येक नेमबाजाच्या उजव्या हाताला दोन बांबू रोवून त्यांवर घोंगडं टांगलं. पुंगळी उडाली की घोंगड्यात शिरायची आणि खालच्या घडीत अलगद पडायची. चांदमारी संपली की ज्यानं त्यानं आपल्या घोंगड्यातल्या दहा पुंगळ्या आणून पेटीत टाकायच्या. गुरुवारी या युक्तीचं साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं होतं.

दोनदा मोजलेल्या त्या पुंगळ्या महांतप्पानं आता पहिल्यांदाच नीट बघितल्या. एकेक उचलून बोटांत फिरवली. गुळगुळीत, तोंडाशी बाराची ताजी काजळी. शंभर झाल्या, दीडशे झाल्या. आणि मग एकीवर त्याचं बोट अडकलं. पोटाला नखाएवढा खळगा होता.

त्यानं ती बाजूला ठेवली. अशा पाच निघाल्या.

शिक्का तोच होता, कारण मार्चची आणि आताची पेटी एकाच खेपेची. पण घोंगडं टांगल्यावर आणि गॅस कमी केल्यावर खळगा पडायचं कारणच उरलं नव्हतं. म्हणजे या पाच मार्चच्या, हरवलेल्या. आणखी एक गोष्ट होती. या पाचांच्या तोंडाशी काजळीचा मागमूस नव्हता. उलट त्या लखलखत होत्या. वास घेतला तर पितळाचा, आणि त्याखाली कसला तरी आंबूस.

तो तडक मेसमध्ये गेला. गुंडाप्पा डाळीत पाणी वाढवत होता. दुष्काळात तीच एक गोष्ट त्याला छान जमायची, असं शिपाई म्हणत.

"गुंडाप्पा, हे कशानं घासलंय?"

गुंडाप्पानं पुंगळी नाकाशी धरली. "चिंच. वर राख बी लावलीया. पर हवालदार, माझ्याकडं बगू नका. हितं आमटीला चिंच मिळंना, पुंगळ्या कुटं घासू?"

"चोरानं विकायला घासल्या असतील."

"काय बोलता!" गुंडाप्पा हसला. "मोडीत घासून कोन विकतंय? मळकं असू दे न्हाय तर चकचकीत, मोडवाला वजनच बगतो. घासून द्यायची ती देवाला द्यायची वस्तू, न्हाय तर दुसऱ्याची परत करायची. माझी आई शेजारणीचं पातेलं असंच घासून द्यायची."

महांतप्पानं पुंगळी त्याच्या हातून परत घेतली.

दुसऱ्याची वस्तू परत करायची. चैत्रातली ती दुपार त्याला आठवली. तो कोतात बसला होता, फाटकावरून पहारेकऱ्यानं ओरडून सांगितलं होतं, "हवालदार, एक बाई आलीया. पुंगळ्या सापडल्या म्हनती!" पुंगळ्या घेतल्या असत्या तर मार्चची सही खोटी ठरली असती. तो जागचा उठलाही नव्हता. आतूनच ओरडला होता, "आमच्या सगळ्या जमा आहेत! हाकल तिला!"

बाई कोण, ते त्यानं विचारलं नव्हतं. फाटकावर कोण होतं, तेही आता आठवत नव्हतं.

४

चांगुणा अजून लिंबाखालीच होती. कालपासून ती तिथून हलली नव्हती. महांतप्पा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"चांगुणाबाई," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला 'अगं' शिवाय हाक मारली नव्हती.

तिनं वर बघितलं.

"चैतात तुम्ही पुंगळ्या आणल्या होत्या?"

"व्हय. पाच. नाल्याकडं खडी येचताना घावल्या. मातीनं पार काळ्या झाल्या व्हत्या. म्या म्हनलं, सरकारची वस्तू अशी मळकी कशी द्यावी? चिंच लावून घासल्या."

"लेकाकडं का नाही दिल्या?"

"त्यो तवा बंदोबस्ताला गेलता. अन् मला सोताच्या हातानं द्यायच्या व्हत्या. माझ्यावर भांड्याचा आळ आलेला. म्हनलं, पाच पुंगळ्या आपून होऊन दिल्या, तर लोकांस्नी कळंल, चांगुणा दुसऱ्याचं पितळ ठिवून घेत न्हाय. तर तुमी आतनंच वरडला, हाकल तिला."

तिनं ओळखलेला आवाज त्याचाच होता.

"फाटकावर कोण होतं?"

"शांतलिंग. लई गोड बोलला बगा. म्हनला, मावशे, हवालदार तापट हायती, दे माझ्याकडं, म्या करतो जमा. म्या दिल्या."

महांतप्पा तिथून कचेरीत गेला. पहाऱ्याच्या वहीत त्या दुपारी शांतलिंगचंच नाव होतं. मग त्यानं चांदमारीचं रजिस्टर काढलं. नानासाहेबाच्या निशाणावर दहा भोकं. शेजारच्या निशाणावर, शांतलिंगच्या, पाच. पाचही मधल्या काळ्या चकतीत. उरलेल्या पाच गोळ्यांपुढं लिहिलं होतं 'चुकल्या'. मुख्यालयातल्या पहिल्या नेमबाजाच्या पाच गोळ्या मध्यावर लागतात आणि पाच निशाणाच्या कडेलाही शिवत नाहीत! गुरुवारी यावर सगळे हसले होते. महांतप्पाही हसला होता.

आता सगळं उमगलं होतं. पण जे नानासाहेबाला सोडवणार, तेच महांतप्पाला बुडवणार होतं. त्या पाच पुंगळ्या मार्चच्या आहेत असं म्हणायचं, तर मार्चमध्ये त्या हरवल्या होत्या हे आधी कबूल करावं लागणार. त्यानं रजिस्टर मिटलं. पेन्शन त्याच्या डोळ्यांपुढं होती. आणि खिडकीतून लिंबही दिसत होता.

५

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खळगा, काजळी, चिंच, पाच भोकं.

"हुशारी आहे," ते म्हणाले. "पण उलटूनही बघा. पुंगळ्या सापडल्या आईला, वापरल्या लेकानं. त्यानं पाचच उडवल्या. शांतलिंगच्या पाच गोळ्या तिरक्या जाऊन नानासाहेबाच्या निशाणावर लागल्या, म्हणून त्याची दहा भोकं. शेजारच्या निशाणावर गोळ्या जातात. आणि फाटकावर पुंगळ्या दिल्या म्हणता, ते सांगतं कोण? आरोपीची आई."

"मी सांगतो, साहेब. पुंगळ्या फाटकावर आल्या होत्या. मी नाकारल्या."

"का?"

महांतप्पानं टोपी काढून हातात घेतली आणि सांगितलं. मार्च, पाच कमी पुंगळ्या, फुलपात्र, हातोडा, सही. भाकरीचा तुकडाही त्यानं सांगितला. त्याचा चौकशीशी काही संबंध नव्हता, तरी सांगितला. सांगताना त्याची नजर टेबलाच्या कडेवरून वर आली नाही.

साहेबांनी शांतलिंगला बोलावलं. तो आला तेव्हा टेबलावर काहीच नव्हतं.

"शांतलिंग," महांतप्पानं विचारलं, "चैतात चांगुणाकडून पुंगळ्या घेतल्यास, त्या कुठं ठेवल्यास?"

"त्या?" शांतलिंग गोंधळला. "तुमीच नको म्हनला व्हता की, मामा. म्या त्याच दिवशी नाल्यात टाकून दिल्या. पाचच तर व्हत्या."

महांतप्पानं मूठ उघडली. लखलखीत पाच पुंगळ्या टेबलावर गडगडत गेल्या.

"नाल्यात टाकलेल्या पुंगळ्या परवाच्या पेटीत कशा आल्या रे? निम्म्या घोंगड्यातनं टाकल्यास आणि निम्म्या खिशातनं. पाच गोळ्या तू उडवल्याच नाहीस. लपवायचं होतं तर उडवलेल्या पाच तरी इकडंतिकडं मारायच्यास! तिथं तुझ्या हातानं तुझं ऐकलं नाही."

शांतलिंगचं तोंड उतरलं. मग तो बोलू लागला तो थांबेचना. साखर कारखान्याच्या चेअरमनकडं शिकारीची रायफल होती, तिला हीच गोळी चालायची. पाच काडतुसं आणून दे, तुझ्या भावाला कारखान्यात वजनकाट्यावर चिकटवतो, असं ठरलं होतं. वाशीच्या स्टँडवर चेअरमनचा माणूस घ्यायला उभा राहणार होता. त्याच्याआधी झडतीवाले आले, म्हणून पुरचुंडी पायानं पुढच्या बाकाखाली सरकवली.

"नानासाहेबाला अडकवायचं मनात नव्हतं, मामा."

"पण अडकल्यावर तू सोडवलाही नाहीस," महांतप्पा म्हणाला, आणि आपण कुणाला बोलतो आहोत हे त्याचं त्यालाच कळलं.

शांतलिंगला नेल्यावर साहेबांनी दार लोटलं. "पुंगळ्या हरवल्याचं लिहावंच लागेल. त्याची शिक्षा होईल ती होईल. फुलपात्राचं मात्र राहू द्या. घरातली गोष्ट. उगीच शोभा कशाला?"

"घरातली नाही ती, साहेब," महांतप्पा म्हणाला. "लाईनीतली आहे."

दुपारी चारला पाण्याचा टँकर आला. लाईनीतल्या साऱ्या बायका हंडे-घागरी घेऊन रांगेत होत्या, शिवकांताही होती. नानासाहेब नुकताच सुटला होता आणि आईला हाताला धरून फाटकापासून नेत होता. महांतप्पा टँकरपाशी जाऊन उभा राहिला. हातात एक कागद होता.

"शिवकांता," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझं फुलपात्र चांगुणाबाईंनी नेलं नाही. मी नेलं. मी हातोड्यानं ठोकलं आणि सरकारी पोत्यात घातलं. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

शिवकांतानं त्याच्याकडं बघितलं, मग पदर तोंडाला लावून ती मागं वळली. भरलेली घागर तिथंच राहिली.

चांगुणा थांबली होती. "त्या पुंगळ्या," तिनं विचारलं, "जमा झाल्या का?"

"झाल्या. ही पावती." महांतप्पानं कागद पुढं केला.

"मला कुटं वाचता येतंय?"

नानासाहेबानं हात पुढं केला, पण चांगुणानं त्याला अडवलं. "तू न्हाय. त्येंनी वाचायचं."

महांतप्पानं कागद उलगडला. अक्षर त्याचंच होतं. तरी तो पुटपुटल्यासारखं वाचू लागला. "पाच पुंगळ्या. सापडून आणून देणार, चांगुणा..."

"असं न्हाय, हवालदार," चांगुणा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्या दिशी आतनं वरडला व्हता, तर फाटकाबाहेर रस्त्यापतुर ऐकू आलं व्हतं. तेवढ्या मोट्यानं वाचा."

रांगेतली एकही बाई हलली नाही. महांतप्पानं छाती भरून श्वास घेतला आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.